शेवटच्या ओळीच्या वर

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एक लॉग फाईल वाचत होतो. त्याच्या शेजाऱ्याने थोडक्यात सांगितलं... सकाळी कामाला निघाला, जिना उतरताना कोसळला, हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी 'बरं' म्हटलं, फोन ठेवला आणि फाईल पुढे वाचत राहिलो. तिच्यातला बिघाड सापडला, तो दुरुस्त केला, तसा मेल पाठवला आणि मगच उठून साहेबांना बातमी दिली. लोकांना वाटलं, माणूस फार धीराचा आहे. कसला धीर! आत काही हललंच नव्हतं. स्मशानातही तेच. सगळे रडत होते आणि मी चपला नीट लावल्यात का ते बघत होतो.

अंधेरीच्या त्या ऑफिसात मिलिंदची आणि माझी खुर्ची कितीतरी वर्षं शेजारी शेजारी होती. तो घाटकोपरचा. आईवडील अकोल्याकडून आलेले, बोलणं मात्र अस्सल मुंबईचं. जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या आधी माझा डबा उघडायचा आणि भाजीला नावं ठेवत संपवायचा. आमचं काम सांगायला सोपं आहे. कंपन्यांचे सर्व्हर दिवसभर जे जे करतात त्याची नोंद एका फाईलमध्ये ओळीओळीने होत राहते. काही बंद पडलं की ती फाईल वाचून कारण शोधायचं. फाईल असते मारुतीच्या शेपटीएवढी. एकदा माल पोचवणाऱ्या एका कंपनीचा सर्व्हर अडखळायला लागला आणि आमच्या साहेबांनी घाईघाईत त्याच सर्व्हरवर अख्खी फाईल उघडली. मशीनने ती एका दमात मेमरीत घ्यायला बघितली आणि जे काही चालू होतं तेही ठप्प झालं. साहेबांना घाम फुटला. मिलिंद त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून शांतपणे म्हणाला, "साहेब, तांदळाची गोणी कोण ताटात ओततं काय? वाटीने काढायचे ना." साहेब पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते.

त्याची पद्धत ठरलेली होती. प्रोग्राम लिहायचा तर असा, की एक ओळ वाचावी, तिचं काम संपलं की ती सोडून द्यावी आणि पुढची घ्यावी. मग फाईल कितीही मोठी असो, मशीनवर ओझं एका ओळीचंच. पण बिघाड शोधायचा असेल तर पहिल्या ओळीपासून सुरुवात करणं त्याला मंजूर नव्हतं. थेट शेवटाकडे जायचं, गाडी तिथेच थांबलेली असते. नवीन आलेल्यांना एवढं कळलं की ते खूश होऊन शेवटच्या ओळीवर बोट ठेवत. मिलिंद त्यांना तिथे थांबू द्यायचा नाही. "ही ओळ फक्त कुठे मेलं ते सांगते. का मेलं ते वर असतं. वर जा." हे तो इतक्यांदा म्हणायचा की आम्ही त्याची नक्कल करायचो.

काही आठवड्यांनी मिलिंदच्या इमारतीखालच्या हॉलमध्ये त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण त्याच्या आठवणी सांगायला उठला. प्रत्येकाने आपली शेवटची भेट सांगितली. मीही सांगितली, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशी. गर्दी ओसरल्यावर मी वर घरी गेलो. मिलिंदची बायको, करुणा वहिनी, स्वयंपाकघरात एकट्याच बसल्या होत्या. मी समोर बसलो तशा म्हणाल्या, "छातीत जळजळतंय म्हणाला, भाऊजी. मी ओवा दिला. ओवा दिला हो मी..."

हे त्यांनी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं, आणि प्रत्येकाने 'तुझा काय दोष गं यात' म्हणून त्यांना गप्प केलं होतं. तेच वाक्य माझ्याही ओठांवर आलं होतं. पण सवयीने म्हणा, मी विचारलं, "त्याच्या आधी काय झालं, वहिनी?"

त्यांनी वर पाहिलं. मग आठवत आठवत सांगू लागल्या. तो दाढी करत होता. मधेच थांबला आणि तोंडाला फेस तसाच ठेवून पलंगाच्या कडेला येऊन बसला. चेहरा उतरला होता. आणि मग... वहिनी थबकल्या.

"मी म्हटलं होतं त्याला. खाली डॉक्टर आहे, चल, आत्ताच दाखवून येऊ. तर म्हणाला, नको, ॲसिडिटी आहे, ओवा दे." मग म्हणाल्या, "हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं, भाऊजी."

मला मिलिंदचा राग आला. तो गेल्यापासून पहिल्यांदाच मला काही वाटलं, आणि वाटलं ते हे. दुसऱ्यांच्या मशीनसाठी दिवसच्या दिवस घालवणारा माणूस, त्याला दोन जिने उतरून डॉक्टरकडे जाववलं नाही. खिडकीपाशी त्याचं स्टूल होतं, चहा प्यायला तो तिथेच बसायचा. त्या स्टुलाकडे बघत मी म्हणालो, "गेला असतास तर काय बिघडलं असतं रे?" आणि माझा आवाज फुटला. मग मला काही थांबवता येईना.

वहिनींनी मला रडू दिलं. त्याही स्टुलाकडेच बघत होत्या. मग तो समोर बसला असावा तशा चिडून त्या म्हणाल्या, "ऐकलंय कधी त्याने कुणाचं?"