वेबसाइटचा खडू कोणाच्या हातात?

गेल्या शनिवारी सकाळी अभ्यासिकेच्या दारात, दहा-बारा पोरांसमोर, माझी पार इज्जत निघाली... आणि काढली ती तिनेच.

आमच्या गल्लीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. स्वतःचा अभ्यास करत करत सगळं तीच बघते. सगळे तिला ताई म्हणतात. मी म्हणत नाही... का, ते सांगायला नको. ती मला 'अर्धे इंजिनिअर' म्हणते, कारण मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं.

कुठली जागा रिकामी आहे हे बाहेरगावच्या पोरांना घरबसल्या कळावं, म्हणून कमिटीने वेबसाइट करायचं ठरवलं. मी लगेच हात वर केला... आणि अडकलो सीएमएसवर. म्हणजे वेबसाइटवरचा मजकूर ज्यातून बदलतात ती सिस्टीम.

एक व्हिडिओ म्हणतो हे घे, दुसरा म्हणतो ते घेतलंस तर पस्तावशील. मित्र समीर म्हणाला, "अबे, वर्डप्रेस डाल और सो जा ना!" आठ दिवस डोक्याचा भुगा.

खरं सांगू? गोंधळ सिस्टीमचा नव्हताच. वर्डप्रेस एवढं सोपं की तिने स्वतःच सगळं बदललं असतं, मग मला फोन कशाला केला असता? म्हणून मी अशी किचकट सिस्टीम निवडली जी फक्त मलाच कळते. कमिटीला सांगितलं, सिक्युरिटी चांगली आहे.

चार दिवस नुसता स्वर्ग... रोज सकाळी तिचा फोन. "सात नंबर भरला बघ, तेवढं बदल की."

शुक्रवारी मी सांगोल्याला, आतेभावाच्या साखरपुड्याला. मळ्यात रेंज नाही. इकडे शेवटची जागा भरली, वेबसाइटवर मात्र ती रिकामीच. शनिवारी पहिल्या एसटीने माढ्याची एक पोरगी पुस्तकांची बॅग घेऊन हजर! त्या पोरीला हिने स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर पुस्तक घेऊन बसली.

मी पोचलो तर म्हणाली, "दारातल्या फळ्यावर रोज कोण लिहितं?"

"तू."

"मग खडू मागायला तुझ्या घरी येते का मी?"

पोरं हसली. माझं डोकं सटकलं. फुकटात करतोय, वर हे पण ऐकायचं? "मग करा की तुमचं तुम्ही!" म्हणालो आणि गाडी काढली. सात रस्ता चौकापर्यंत गेलो... आणि पायरीवर बसलेली तीच डोळ्यांसमोर. चूक कळत होती, पण माघारी जायला तोंड नव्हतं.

रविवारी गपचूप सगळं वर्डप्रेसवर हलवलं. तिला पासवर्ड दिला, वीस मिनिटांत शिकली. "बरं झालं," एवढंच म्हणाली. तेव्हापासून तिचे फोन बंद... सहा दिवस. मी आपला दिवसातून दहादा वेबसाइट उघडतो आणि तिने टाइप केलेले नंबर वाचत बसतो.

काल दोन जागा सुटल्या. एक तिची तिने परत घेतली. दुसरीपुढे वेबसाइटवर लिहिलंय, "नंबर १४. अर्ध्या इंजिनिअरसाठी राखीव. सोमवारी पुस्तकं घेऊन आला नाही तर दुसऱ्याला देणार."

आता याचा अर्थ काय घ्यायचा? कीव, दम, की... समीरला विचारलं तर तो नुसता हसतोय. मला खरंच काही कळत नाहीये.

सेकंड इयरची पुस्तकं मात्र माळ्यावरून काढलीत. उद्या जातोय. सगळ्यांसमोर सॉरी म्हणेन, थँक्यू म्हणेन...

ताई तेवढं म्हणणार नाही.