कुलूप उजव्या कुंपणाला

पुसदात अशी हवा आहे की जमनी आडेनं आमच्या खेळाच्या डोमाजी सरांच्या डोक्यात बॅट घातली. आमच्या गल्लीत तर टाकेही मोजून झाले. साफ खोटं. बॅट तिच्या हातात नव्हतीच. ती आमच्या शाळेच्या बेसबॉल संघाची कॅचर. हातात ग्लोव्ह होता, तोंडावर मास्क होता, आणि मास्कच्या आत जे होतं ते बॅटपेक्षा वाईट होतं. मी पहिल्या बेसवर उभी होते, म्हणून सांगते.

जमनी तांड्यावरून येते. आजीचं नाव तिला आजीच्या आवाजासकट मिळालंय. तिनं हाक मारली की ढाणकीच्या बाजारातले बैल थांबत असतील. बॅटवालीच्या पाठीशी, प्लेटमागे उकिडवी बसली की बॉल मागे जाऊ देत नाही, म्हणून सरांनी तिला टोपणनाव दिलं कुलूप. मी भोंगा, कारण मी सगळ्यांचे आवाज काढते. शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांची भाची निशिगंधा, ती अत्तर.

संघ मात्र सर कधी सरळ सांगत नाहीत. स्पर्धेआधी फळ्यावर कोडं लिहितात: टोपणनावं आणि आडवळणाच्या ओळी. कोण कुठं उभं राहणार ते आम्ही ओळखायचं. "बुद्धी बी खेळली पायजे नं बाप्पा," म्हणतात, आणि त्या 'नं'वर नाकातून हवा सोडतात. एरवी मजा येते.

या वेळी, अमरावतीच्या विभागीय स्पर्धेआधी, फळ्यावर होतं: 'अत्तराचा वास पंचाच्या नाकाशी. कुलूप लागले उजव्या कुंपणाला.' पंच कॅचरच्या पाठीशीच उभा असतो. म्हणजे कॅचर निशिगंधा, आणि जमनी राइट फील्डला, पार उजव्या टोकाला, जिथं बॉलपेक्षा बकऱ्या जास्त येतात.

जमनीनं एकदाच वाचलं. मग पॅड बांधले, मास्क चढवला आणि प्लेटमागे आपल्या जागी जाऊन बसली. शाळेत कॅचरचा संच एकच. तो तिच्या अंगावर. सराव बंद.

"काहून बसली वं?" मी विचारलं.

"सर तोंडानं सांगत नाई तोवर उठत नाई."

"सर आन् सरळ? त्यांचा घसा मले पाठ आहे. त्यातून सरळ वाक्य निघतच नाई. लाव पैज."

"लावली. हरली तं स्पर्धा होईपर्यंत कोनाचाच आवाज काढाचा नाई."

"आन् मी जिंकली तं?"

"तू जिंकत नाई."

सर आले. "कुलूपबाई, असं आहे नं, चाक मागचं असो का पुढचं, गाडी तं..."

"मी चाक नाई, सर. माह्यं नाव जमनी. बोला."

"समजनेवाले को इशारा काफी."

"मले समजलं. तरी तुमी बोला."

सर हसले. सोबत कोणी हसलं नाही. निशिगंधा बुटानं माती उकरत होती.

"माह्या बोटाची नखं या जागेवर गेली," जमनी मास्कच्या जाळीतून म्हणाली. "तवा नाई घातलं कोडं. तवा म्हणे, जमनी, ऊठ, अजून एक. आज माह्यं नाव जिभेवर येत नाई?"

सरांनी शाळेच्या इमारतीकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग बोलले, "जमनी, तू राइट फील्ड. कॅचर निशिगंधा. ती तुह्यापेक्षा चांगली आहे म्हणून नाई. अध्यक्षसाहेबांनी सांगितलं, आन् मी हो म्हटलं."

'नं' नाही, नाकातली हवा नाही. तो आवाज मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकला, आणि मला तो काढता आला नसता.

जमनी उठली. मास्क काढून निशिगंधाच्या डोक्यावर चढवला. पट्टा उलटा बसलेला पाहून दात-ओठ खात स्वतःच सरळ केला. "मान फिरवू नको, बॉल कानावर बसंन." मग वाटेतली ढेकळं लाथाडत उजव्या कुंपणाकडे निघून गेली.

माझं डोकं तापलं. सरांवर, अध्यक्षांवर, आणि एक शब्द न बोललेल्या निशिगंधावरही. त्या रागातच सरांचा आवाज काढायला तोंड उघडलं, तर राइट फील्डातून हाक आली:

"भोंगे, पैज."

तोंड मिटलं.