काळा कातळ आणि माझा डबा

माकडं हाकलायचा पत्र्याचा डबा हे वाद्य आहे, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं.

रेवदंड्याजवळ आमची नारळी-पोफळीची वाडी. माझा धाकटा, मंदार, शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीत हेवी मेटल वाजवतो. (दोन्हींत मुलं कानावर हात ठेवतात.) बँडचं नाव ‘काळा कातळ’. सहा वर्षांपूर्वी त्यांनी पहिला अल्बम काढायचा ठरवला, ‘आवसेचं उधाण’. स्टुडिओ म्हणजे आमची सुपारी साठवायची खोली. भिंतींना माझ्या सगळ्या गोधड्या टांगल्या.

पहिल्याच दिवशी खोलीतून असा घरघराट आला की मला वाटलं, विहिरीच्या पंपाचं बेअरिंग गेलं. धावत जाऊन मेन स्विच पाडला. पोरं बाहेर आली.

“आई, काय केलंस?”

“पंप वाचवला.”

“तो पंप नव्हता गं. मी गात होतो.”

सकाळपासूनचं रेकॉर्डिंग पुसलं गेलं. मग मी शपथ घेतली, अल्बम होईपर्यंत घरात चमचासुद्धा वाजणार नाही. मिक्सर बंद, खोबरं पाट्यावर. मासळीवालीला बांधावरूनच खुणेनं परत पाठवलं. पाठ फिरवताना ती म्हणाली, “काकी, कोण आजारी हाय काय?”

शेवटच्या दिवशी एकच गाणं उरलं, अकरा मिनिटांचं. ड्रम वाजवणारा सलीम त्याच दुपारी कतारला निघालेला, नोकरीवर. त्याची बॅग ओट्यावर, गाडी फाटकात, त्याचा मामा गाडीत हॉर्नवर हात ठेवून. (हॉर्नवरचा हात मीच काढायला लावला.) म्हणजे गाणं एकदाच वाजणार. बिघडलं तर सलीम दोन वर्षं येत नाही.

“काकी, अकरा मिनिटं सांभाळा,” सलीम म्हणाला.

“अरे, मी श्वासही घेत नाही. वाजव तू.”

गाणं सुरू झालं आणि माकडं आली. एरवी दोन-चार येतात, त्या दिवशी बारसं असल्यासारखा सगळा गोतावळा. सरळ माझ्या चिकूवर! एक चिकू तोडायचा, एक घास खायचा, फेकून द्यायचा. मी डबा पोटाशी धरून उभी. तोंडात पदर कोंबलेला. एक म्हातारं माकड तर माझ्याकडे बघून सावकाश सोलून खात होतं.

आणि एकदम खोलीत सामसूम झाली.

झालं गं बाई एकदाचं, म्हणून मी सुटले. पोफळीच्या दांडक्यानं डबा असा बडवला, असा बडवला, आणि सहा-सात मिनिटं कोंडलेला आवाज सोडला, “मेल्यांनो, चिकू काय तुमच्या बापाचे?”

त्याच क्षणी आतून ड्रम कोसळले. गाणं संपलं नव्हतं. मध्ये मुद्दाम ठेवलेली शांतता होती ती! (गाण्यात गप्प बसायचं तर गातात कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.)

सलीम गेला. मंदारनं रेकॉर्डिंग लावलं. डबा स्वच्छ, मी त्याहून स्वच्छ. पोरगा पांढराफटक. मी गोधड्या उतरवायला लागले, दुसरं काय करणार? तेवढ्यात गाडीतून सलीमचा फोन.

“मंदार, ते काढू नको हां. काकी बरोबर समेच्या आधी सुटल्या. माझ्याच्यानं नसतं जमलं.”

अल्बम तसाच निघाला. कव्हरवर चार नावं आणि खाली ‘डबा : आई’. खपला किती ते विचारू नका. माझ्या भिशीतल्या बायकांनी घेतला, त्यातल्या दोघींनी ऐकला.

यंदा सलीम रजेवर आला आणि अलिबागला कार्यक्रम ठरला. मला सुती साडीवर बँडचा काळा टी-शर्ट घालून उभं केलं. समोर काळ्या कपड्यांतली केवढी तरी पोरं, सगळी गाणं मोबाईलवर फुकट ऐकून आलेली. गाणं आलं, शांतता आली, मी डबा बडवला. तोंड उघडते तोच अख्खं मैदान ओरडलं, “मेल्यांनो, चिकू काय तुमच्या बापाचे?” चाळीस वर्षं मी हे एकटी ओरडत होते हो! सलीमनं वाकून नमस्कार केला, मंदारचे डोळे भरले. एका दाढीवाल्यानं डब्यावर माझी सही मागितली.

दिवेलागणीला तरंगतच घरी आले. चिकूखाली उष्ट्या फळांचा सडा. झाडावर एक फळ शिल्लक नाही. आमचे हे ओट्यावर शांत बसलेले.

“अहो, हाकललं का नाही तुम्ही?”

“कशानं? डबा मैफिलीला गेला होता.”