तात्यांचा मुजरा आणि फ्लॉरेन्स शहर

किश्श्यांचं वाळूच्या ढिगासारखं असतं. खालनं एक घमेलं भरून घेतलं की वरनं दोन घमेली घसरतात. आमच्या इटलीच्या टूरचं तसंच झालंय. कटिंगला बसलो तरी कोणीतरी विचारतं, "मिस्त्री, फ्लॉरेन्सात काय काय बघितलंसा?" मी एक सांगायला जातो, चार निघतात, आणि एका बाजूचे कल्ले तसेच राहतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. मी जन्मभर शाळा बांधल्या, शिकलो एकीतही नाही. अक्षर म्हातारपणी गिरवलेलं आहे, सांभाळून घ्या.

आम्ही तिघं गेलो होतो. मी गवंडी. हुपरीचे आण्णा, जन्मभर चांदीची पैंजणं केलेले. आणि माझे शेजारी शंकरतात्या, कसबा बावड्याचे, थोडा ऊस आणि दोन म्हशी. तिघांच्या पोरांनी ठरवून पाठवलं. मी आणि आण्णा फिरायला गेलो. तात्या कामाला गेले होते.

काम असं. आपल्या कोल्हापूरचे एक महाराज विलायतेहून परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून वारले. वय वीस-एकवीस. दोन नद्या मिळतात तिथं त्यांना अग्नी दिला. तिथं त्यांची समाधी आहे. तात्यांचा खापरपणजा महाराजांच्या पागेत चाकरीला होता. महाराज निघाले त्या दिवशी घरी गाय अडली, म्हणून तो गोठ्यात राहिला आणि निरोपाचा मुजरा राहिला. परत आल्यावर घालू म्हणाला. महाराज परत आलेच नाहीत. मग त्यानं पोराला सांगितलं, पोरानं नातवाला, असं करत तो मुजरा तात्यांपर्यंत आला. तात्यांचा मुलगा कॉम्प्युटरवाला. तो काही मुजरा घालायचा नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते तात्यांनीच करायचं.

बसमध्ये चढल्या चढल्या तात्यांनी टूरच्या मॅडमना विचारलं, "समाधी कवा?"

मॅडम पुण्याच्या. कागद बघून म्हणाल्या, "काका, फ्लॉरेन्सचा दीड दिवस आहे. लिस्टमध्ये समाधी नाही."

तात्या म्हणाले, "लिस्ट कुनी केली?"

"ऑफिसनं."

"मग ऑफिसला ठावं नसंल."

* * *

पहिल्यांदा मोठं चर्च दाखवलं. त्याचा घुमट म्हणजे अर्धं गाव आत बसेल एवढा. तिथली गाईडबाई इंग्रजीत सांगायची, मॅडम आम्हाला मराठीत. मॅडम म्हणाल्या, "हा घुमट खालून लाकडी आधार न देता बांधलाय."

मी म्हटलं, "सेंट्रिंग न लावता?"

"न लावता."

मी पन्नास वर्षं स्लॅब टाकले. साध्या न्हाणीच्या स्लॅबलासुद्धा खालनं बल्ल्या लावून झोपलो तरी झोप येत नाही. चारशेच्या वर पायऱ्या चढून वर गेलो. विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या लावल्यात, एकमेकीला धरून. मी एका विटेवर हात ठेवला. तिथला पहारेकरी ओरडला. मी मॅडमना म्हटलं, "त्येला सांगा, गवंडी हाय." मॅडमनी सांगितलं. तो पहारेकरी तोंड फिरवून दुसरीकडं बघायला लागला.

खाली आल्यावर मॅडम म्हणाल्या, "घुमटाला सोळा वर्षं लागली."

तात्या म्हणाले, "आमच्या पान्याच्या टाकीला अठरावं चाललंय. आनि ती गोल बी न्हाय."

मग म्हणाले, "समाधी हितनं किती लांब?"

* * *

तिथल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना कमरेएवढ्या उंचीवर छोटे कोनाडे आहेत. वरनं कमान, आत लाकडी झडप. आण्णा देवभोळे. कोनाडा दिसला की पायताण काढून हात जोडायचे. पहिल्या तीन ठिकाणी झडप बंदच होती. आण्णा म्हणाले, "देव झोपला असंल."

चौथ्या ठिकाणी आण्णांनी हात जोडले आणि झडप उघडली. आतनं बायकी आवाज आला, काहीतरी विचारलं. आण्णांनी तीर्थाला करतात तसा उजव्या हाताचा खळगा पुढं केला. आतनं हात बाहेर आला आणि त्यावर लाल दारूचा ग्लास ठेवला.

मॅडम धावत आल्या. पूर्वीचे जमीनदार आपल्या मळ्यातली दारू म्हणे याच खिडक्यांमधनं विकायचे, काही अजून चालू आहेत. "आण्णा, ती वाइन आहे!"

आण्णा माळकरी नाहीत, पण थेंबाला कधी शिवलेले नाहीत. त्यांनी ग्लासाकडं बघितलं, कोनाड्याकडं बघितलं. म्हणाले, "तीर्थ दिल्यावर मागं कसं द्यायचं?"

त्यानंतर रस्त्यात एकही कोनाडा आण्णांनी सोडला नाही.

* * *

नदीवर एक जुना पूल आहे, त्याच्या दोन्ही अंगाला सोनारांची दुकानं. पूर्वी तिथं खाटिक बसायचे. राजाचा जायचा-यायचा रस्ता वरच्या मजल्यावरनं होता, त्याला वास सहन होईना. त्यानं खाटकांना उठवून सोनार बसवले.

आण्णा एका दुकानात शिरले. काचेतली चांदीची साखळी मागून घेतली, कोपरीतनं आपलं भिंग काढलं आणि कडी न् कडी बघायला लागले. दुकानदार पन्नाशीचा, सूट-बूट. आण्णांनी एका कडीवर नख ठेवलं. म्हणाले, "सांधा दिसतोय."

मराठीतच म्हणाले. पण दुकानदाराला कळलं. त्यानं आपलं भिंग लावलं, बघितलं, आणि आत गेला. आतनं आपल्या बापाला घेऊन आला. बाप नव्वदीचा. त्यानं बघितलं आणि आमच्यादेखत पोराला जे झापायला सुरुवात केली! पोरगा खाली मान घालून ऐकत होता.

मी म्हटलं, "आण्णा, उगंच कशाला घरात भांडण लावलंसा?"

आण्णा म्हणाले, "सांधा पोराचा न्हवं. बापाचा हाय. हात कळतोय की."

यात पाऊण तास गेला. तात्या पुलाच्या कठड्याला टेकून नदीकडं बघत होते. मॅडमना म्हणाले, "पानी त्या अंगाला चाललंय. म्हंजे समाधी त्या अंगाला."

* * *

एका गल्लीत भिंतीवर, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर, दगडात एक रेघ कोरलेली आहे. मॅडम म्हणाल्या, महापुराचं पाणी इथवर आलं होतं. तात्या थांबलेच. तिथं दारात एक म्हातारी खुर्ची टाकून बसली होती. तात्यांनी रेघ दाखवली. म्हातारीनं उठून हात वर केला: इथवर. तात्यांनी आपल्या छातीला हात लावला: आमच्याकडं इथवर. म्हातारीनं मान हलवली. म्हणजे ती जिंकली.

तात्यांना ते काही पटेना. मॅडमना म्हणाले, "तिला सांगा, आमी म्हस स्लॅबवर चढवलीती."

मॅडमना जेवढं इटालियन येतं तेवढ्यात त्यांनी सांगितलं. म्हातारीचे डोळे मोठे झाले. तिनं विचारलं, कशी चढवली?

"जिन्यानं."

आणि उतरवली कशी?

तात्या म्हणाले, "पानी पाच दिसांनी उतारलं. म्हस नऊ दिसांनी. तिला वर वारं ग्वाड लागाय लागलं."

म्हातारी आत गेली, एक संत्रं घेऊन आली आणि तात्यांच्या हातात दिलं. अर्धं स्वतःला ठेवलं नाही, म्हणजे आता तात्या जिंकले. तात्यांनी ते मान्य केलं.

* * *

मोठ्या चौकात गाईडबाईनं सांगितलं, इथं दरवर्षी वाळू पसरून एक खेळ होतो. शहरातल्या चार पेठा, एका बाजूला सत्तावीस गडी, फुटबॉल आणि मारामारी एकदम. कुस्ती चालते, ठोसा चालतो.

आण्णा म्हणाले, "ह्यात नवीन काय?"

बाई म्हणाल्या, जिंकणाऱ्या पेठेला पांढरं खोंड मिळायचं.

तात्यांनी समाधी घटकाभर बाजूला ठेवली. "खोंडच? कालवड न्हाय?"

मॅडमनी विचारून सांगितलं, "नाही. खोंडच."

तात्या चौकाकडं बघत म्हणाले, "सत्तावीस घरांत खोंड वाटायचं कसं? खरी मारामारी त्येच्यापुढं हुत असंल."

* * *

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बस पुढच्या गावाला निघणार होती. समाधी काही झाली नव्हती. तात्या पुढच्या सीटवर गप्प बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. मी तात्यांना चाळीस वर्षं ओळखतो. रागावलेले परवडतात, गप्प बसलेले नाही.

मी गाईडबाईला मॅडमकरवी विचारलं, की बाई, इथं आमचा एक राजा असतो, ठाऊक आहे का. बाई हसल्या. म्हणाल्या, शहराच्या कडेला मोठा पूल आहे, त्याचं नावच 'इंडियनचा पूल', तुमच्या राजावरनं पडलंय. आणि तुमची बस त्याच बाजूनं जाणार आहे.

मॅडमनी ड्रायव्हरकडं बघितलं. ड्रायव्हर इटालियन, जाडा, दोन दिवसांत एक शब्द बोललेला नव्हता. त्यानं मान हलवली.

मॅडम म्हणाल्या, "दहा मिनिटं. अकरावं नाही. मागं बत्तीस माणसं बसलीत."

बस जिथवर जाते तिथवर नेली. पुढं झाडीतनं शंभर-दीडशे पावलं. समोर छत्री, कळसासकट, आणि तिच्याखाली पुतळ्यातले महाराज. फेटा, दागिने, कोवळा चेहरा. आमच्या नातवंडांच्या वयाचे दिसतात. भोवती लोखंडी कठडा. माळी काम करणारा एक माणूस पालापाचोळा गोळा करत होता. बाकी कोणी नाही.

तात्यांनी पिशवीतनं फेटा काढला आणि बांधायला घेतला. त्यात सहा मिनिटं गेली. मॅडम घड्याळ बघत होत्या. मग तात्यांनी चप्पल काढली, कठड्यापर्यंत गेले आणि तीन वेळा खाली वाकून मुजरा घातला. त्यांचे गुडघे दुखतात. तिसऱ्या वेळेला उठायला वेळ लागला. मी हात द्यायला गेलो, त्यांनी घेतला नाही.

उठले, आणि हात बांधून, मान खाली घालून उभे राहिले.

दहा मिनिटं झाली. बारा झाली. लांबनं बसचा हॉर्न आला.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तात्या, झाला ना मुजरा? निघूया."

तात्या मान वर न करता म्हणाले, "अजून जावा म्हनालं न्हाईत."

"कोण?"

आण्णांनी मॅडमच्या कानात सांगितलं, की धन्यानं जा म्हटल्याशिवाय पागेतला माणूस हलत नसतो.

मॅडम म्हणाल्या, "पण ते कसं म्हणणार?"

पुन्हा हॉर्न आला. मी जवळ जाऊन म्हटलं, "तात्या, किती वेळ थांबायचं?"

"दीडशे वर्सं थांबल्यालो हाय आमी," तात्या म्हणाले. "तुमी व्हा म्होरं."

कोणीच पुढं झालं नाही. मॅडमही नाही. तेवढ्यात तो माळी पाचोळा काढत काढत छत्रीच्या मागनं पुढं आला. त्यानं फेट्यातल्या तात्यांकडं बघितलं. वर महाराजांकडं बघितलं. मग खराटा काखेत धरला, डोक्यावरची टोपी काढली आणि हात हलवून इटालियनमध्ये काहीतरी म्हणाला. मऊ आवाजात.

तात्यांनी मान वर केली. "जी," म्हणाले.

आणि मागं निघाले. पाठ न दाखवता. तोंड महाराजांकडं, एकेक पाऊल मागं टाकत. मग मला आणि आण्णांना पाठ फिरवणं बरं दिसेना. आम्हीही तसेच निघालो. चार पावलं गेल्यावर बघतो तर माझ्या शेजारी मॅडम, पर्स छातीशी धरून, उलट्या चालत होत्या.

तसे आम्ही झाडीतनं बसपर्यंत आलो. खिडक्यांमधनं बत्तीस माणसं बघत होती. ड्रायव्हरनं आरशात एकदा बघितलं, आणि उलटं चालत येणाऱ्यांसाठी बसचं मागचं दार उघडलं.