दिवाळी अंकातलं माझं पत्र

आईला मी मराठीत पत्रं लिहायचे. खरीखुरी, कागदावर, अमेरिकेच्या एका टोकाच्या बेलव्ह्यूहून दुसऱ्या टोकाच्या एडिसनला. माझा जन्म एडिसनचाच. बरोबरीची मुलं घरी इंग्रजीत उत्तरं द्यायची. मी मात्र आईच्या हट्टापायी बाराखडी गिरवली. लग्न होऊन इकडे बेलव्ह्यूला आले. फोन केला की बाबा स्पीकर लावायचे, त्यामुळे आईशी दोघींपुरतं बोलायला पत्रच उरलं.

मागच्या उन्हाळ्यात मी तिला लिहिलं, की नवरा आणि मी आता नुसते एका घरात राहतो. तो ताट घेऊन खोलीत जातो आणि दार लावून घेतो. मी ओट्याशी उभ्याने जेवते. वेगळं व्हायचं का, तेही ठरत नाही. 'हे फक्त तुझ्यापाशी,' असं शेवटी लिहून खाली रेघ मारली. तिचं उत्तर आलं, 'काळजी घे. तुझी भाषा किती सुरेख झालीय गं!' मला वाटलं, बिचारीला काय बोलावं ते सुचलं नसेल.

दिवाळीत एकटीच माहेरी गेले. मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. फराळाच्या रांगेत एका काकूंनी मला मिठीच मारली.

"काय लिहिलंयस गं! इथे वाढलेली मुलगी, आणि असं मराठी! मी तर रडलेच. तो नाही ना आला?"

मंडळाच्या दिवाळी अंकात माझं पत्र छापलं होतं. ताटासकट, बंद दारासकट. खाली रेघ मारलेलं वाक्य तेवढं गाळलं होतं. वर मथळा 'लेकीचं पत्र', आणि पाठवणारी म्हणून आईचं नाव.

परतताना गाडीत मी आईवर ओरडले.

"अगं, पण नाव कुठे घातलंय तुझं?" ती म्हणाली.

"त्यात काय लिहिलंय ते वाचलंस तरी का?"

"वाचलं ना! अख्ख्या पत्रात एकही इंग्रजी शब्द नाही!"

तिच्या आवाजातला तो अभिमान आठवला, की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझा संसार मोडकळीला आला होता आणि हिला चारचौघांत शाबासकी हवी होती! माझ्या आईने मला विकलं, याहून सौम्य शब्द मला सापडत नाही. पुढे कुणीतरी त्या पानाचा फोटो नवऱ्यालाही पाठवला. आमचं जे ठरत नव्हतं, ते त्याने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

परवा आईचं पत्र आलं, 'हल्ली लिहीत का नाहीस?' मी फोनवरूनच उत्तर दिलं.

'आय ॲम फाइन, मॉम.'