गोजरबाईने मागितलेला ढग

सिद्धेश्वर धरणाचं पाणी मागं सरलं की गाळावर वाळकी पापडी धरते. दिसायला घट्ट, आत चिखल. गोजरबाईची एक गाभण मेंढी मागच्या उन्हाळ्यात त्यात गेली. तिला ओढताना गोजरबाई स्वतः कमरेपर्यंत रुतली होती.

म्हणून लेक प्रियंकाने अंटार्क्टिकाहून फोनवर बर्फाच्या भेगांचं सांगितलं, तेव्हा गोजरबाईला फार समजावून सांगावं लागलं नाही. भेगेवर बर्फाचं पातळ झाकण धरतं. वरून काही कळत नाही.

प्रियंकाचं काम बर्फाची उंची मोजण्याचं. उपग्रह वरून लेसरचा उजेड टाकतो, तो बर्फावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची निघते. ती बरोबर आहे का, हे ताडायला चार माणसं, उपग्रह ज्या रेषेवरून जातो तिच्याखालून, यंत्र घेऊन चालणार होती. चौघांत प्रियंका.

"कमरेला दोर असतो, माय."

"दोर मेंढीलाबी लावला व्हता," गोजरबाई म्हणाली.

बोलता बोलता प्रियंका म्हणाली की ढग आला तर उजेड ढगावरूनच परततो. मग ढगाची उंची कळते, बर्फाची नाही. गोजरबाईने तेवढंच धरलं, ढग आला तर पोरगी चालायला जाणार नाही. दुसऱ्या दिवशी मेंढरं नवऱ्यावर, संतरामवर, सोपवून ती जीपने औंढ्याला गेली. नागनाथाच्या गाभाऱ्यात ती वाकून उतरली. लोक पाऊस मागतात. तिने नुसता ढग मागितला, पोरीच्या डोक्यावर, ती चालणार त्या एका दिवसापुरता.

मग चार दिवस फोन नाही. संतराम म्हणे, रेंज नसंल. कोरड्या माळावरही पाऊल टाकण्याआधी गोजरबाई थबकायची.

पाचव्या दिवशी दुपारी प्रियंकाचा आवाज आला. गोजरबाई बांधावर मटकन बसली.

"ढग आल्ता का गं?"

"आल्ता ना, ऐन टायमाला. सगळी मेहनत वाया."

"मंग तू गेली न्हाईस."

"ढग येणार का न्हाई, हे आधी कुठं कळतं? आमी चालून आलो. एकाचा पाय आत गेल्ता, दोरानं वढला. आता सोमवारी पुन्हा जायचंय. शेजारच्या रेषेवरून."

पलीकडून प्रियंका हसत सांगत होती, नागनाथाला म्हणावं, या बारीला आभाळ मोकळं ठेव.

काय म्हणती पोरगी, संतरामने विचारलं. तिने फोन त्याच्या हातात दिला. रस्त्यावर औंढ्याची जीप हॉर्न देत उभी होती. गोजरबाई उठली आणि तिथंच थांबली. मोकळं आभाळ मागावं, तर आपल्याच तोंडानं लेकीला त्या बर्फावर धाडायचं. ढग मागावा, तर तिला तिसऱ्यांदा जावं लागणार.