चाकाला न लावलेला दगड

चूक माझी होती, आणि ती मी रामजीदादांच्या माथी मारली. परवा डहाणूत पंक्चरवाल्याने जॅक लावण्याआधी मागच्या चाकांना दगड लावले. तापलेल्या रबराच्या वासाबरोबर तीन वर्षांपूर्वीची, २०१६ची ती दुपार आठवली आणि स्वतःचाच संताप आला.

गाडीत चिकू भरून आम्ही तलासरीला निघालो होतो. विवळवेढ्याच्या पुढे, हायवेच्या उतारावर टायर बसला. रामजीदादा वीस वर्षं आमच्या वाडीत झाडांवर चढून चिकू काढत होते.

"शेठ, आधी चाकाला दगड लावू. चिकू पण उतरवू," ते म्हणाले.

"मला गाडी शिकवतोस? झाडं सांभाळ तुझी!" वडिलांच्या वयाच्या माणसाला मी एकेरीत झापलं आणि भरलेली गाडी तशीच जॅकवर उचलली. मी चाक काढलं. दादा स्टेपनी घेऊन जवळ आले, तोच गाडी सरकली, जॅक आडवा झाला आणि सगळं ओझं त्यांच्या पावलावर आलं.

दवाखान्यात मी सगळ्यांना सांगितलं, "यानेच गाडी हलवली." त्यानंतर दादांना झाडावर चढता आलं नाही.

काल त्यांच्या पाड्यावर गेलो. त्यांची बायको दारातूनच म्हणाली, "तीन वर्षां लागली का शेठ, इथवर यायला?"

तिच्या आणि मुलांच्या देखत दादांसमोर जमिनीवर बसलो.

"दादा, गाडी तुम्ही हलवली नव्हती. मी खोटं बोललो. मला माफ करा."